नसेलच आणि असेलही

गाडीत बसण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मार.
घाई नको. वाक, चाकांच्या मागे बघ.
गेल्या जानेवारीत तिथं मांजर होतं,
इंजिनाच्या उबेला आलेलं, मिशांवर बर्फ.
परीक्षक काचेतून बघत असतो. बघू दे.
तू त्याच्यासाठी वाकत नाहीस.

फुसाको ओनोदेरा, वय त्रेपन्न.
साकाताच्या शाळेत तीनशे पोरांचा भात शिजवते.
तिच्या वस्तीची बस जूनपासून बंद.
तिसऱ्यांदा नापास होऊन आली
तेव्हा डबा उघडून मुरवलेला मुळा माझ्यापुढे सरकवला
आणि म्हणाली, "सर, मी आरशात बघते हो. खरंच बघते."

बघतेस. पण डोळ्यांनीच बघतेस.
मान हलत नाही तुझी, बाई.
आरशाचा एक कोपरा असतो, तो कुणालाच काही दाखवत नाही,
आणि सायकलवाली पोरं नेमकी तिथंच राहतात.
डावीकडे वळताना खांद्यावरून मागे बघ,
गाडी कडेला इतकी खेटून घे
की मधे शिरायचा त्यांना मोहच होऊ नये.

दोन शब्द आहेत, मी म्हटलं.
सोळा वर्षं हेच दोन शब्द विकून पोट भरतोय.
वळणापलीकडे कोणी नसेलच.
वळणापलीकडे कोणी असेलही.
पहिला म्हणतो, दाब.
दुसरा पाय उचलून ब्रेकवर नेतो.
दाबत नाही. नुसता ठेवतो.
तिनं ते दोन्ही शब्द डब्याच्या झाकणावर
पेन्सिलीनं लिहून घेतले.

मग काटकोनी गल्ली, दोन्हीकडे लोंबते दांडे.
दांड्याला लागली की खेळ खलास, उतरायचं.
पण चाक कडेवर चढलं तर?
इथं माणसं हटकून चुकतात, आणि चढण्यानं नव्हे.
चढलेलं कळतं. बुडाला धक्का बसतो,
कान लाल होतात,
आणि तरी पुढंच रेटतात,
जणू कुणी पाहिलंच नाही.
थांब. मागे घे. पुन्हा वळव.
गुण जातील थोडे. जाऊ देत.
(माझं लग्न मी असंच, एक चाक कडेवर,
अकरा वर्षं चालवलं.
हे तिला सांगितलं नाही.)

मैदानाच्या टोकाला रेल्वेचं फाटक आहे.
रूळ मोजून पंधरा पावलं, दोन्हीकडे गवतात संपतात.
आगगाडी कधी आली नाही, येणार नाही.
तरी थांबायचं. काच उतरवायची. ऐकायचं.
मुलं काच उतरवतात आणि लगेच चढवतात,
देवळावरून जाताना ओझरता हात जोडावा तसं.

चौथ्या खेपेला, एप्रिलातल्या एका बुधवारी,
मी कुंपणाबाहेर उभा. हातात कॉफी, केव्हाच गार झालेली.
फुसाको फाटकापाशी थांबली. काच उतरली.
उतरलेलीच राहिली.
दोन सेकंद. पाच. नऊ.
मागची गाडी येऊन ताटकळली.
परीक्षक मोरिया यांनी पेन उचललं.
उगाच रेंगाळणं हीसुद्धा चूकच असते,
सोळा वर्षांत मला कुणाला ते सांगायची
वेळ आली नव्हती.

"अहो, ऐका म्हणालात ना," ती नंतर म्हणाली.
"चंडोल होता. त्याच्या मागे आणखी काहीतरी होतं,
समुद्र असावा, नाहीतर कारखान्याचा पंखा.
आगगाडी नव्हती. एवढं मात्र पक्कं."

पास व्हायला सत्तर लागतात.
तिला सत्तर मिळाले.
रस्त्यावरची परीक्षा मे महिन्यात झाली.
त्याबद्दल ती बोलत नाही, पास झाली एवढंच.

परवा पहाटे साडेपाचला शाळेवरून जात होतो.
स्वयंपाकघराचा दिवा लागलेला, खिडकीतून वाफ,
बाहेर तिची पिवळी जुनी गाडी.
चारही चाकं रेषेच्या बाहेर.
मी खिशातलं पेन चाचपलं
आणि पुढे निघालो.