अंड्यांची वही

आई गेल्यावर बायबलखाली सापडली,
पुठ्ठ्याची, कडा कुरतडलेल्या.
आम्हाला वाटलं, प्रार्थना असतील.
निघाली अंडी.

सोमवार, चार डझन, हिल्सबरोचं दुकान,
डझनाला आठ सेंट.
बदल्यात मीठ, सुया, दिव्याची वात.
जर्मन अक्षरं, बारीक, एकमेकींना खेटून,
चर्चमध्ये बायकांच्या बाकावर
बसतात तशी.

मोलोच्नाकाठचं गाव सोडलं तेव्हा
ती एकोणीस वर्षांची, लग्नाला चार महिने.
जहाजावर कोंबड्या चालणार नव्हत्या.
म्हणून तिनं टोपली आणली. रिकामी.
हॅम्बर्गपासून कॅन्ससपर्यंत मांडीवर घेऊन बसली,
बाबा म्हणायचे, कुणी विचारलं की
मलाच उत्तर द्यावं लागायचं.

इथं गवतच गवत, जाळायला लाकूड नाही.
तिनं शेण थापलं, वाळवलं, भट्टीत सारलं.
पलीकडच्या मिसेस डूलीनं नाक मुरडलं
आणि डिसेंबरात
हात शेकायला आली.

१८८१. मार्च. तीन डझन. मुलगी, हेलेना.
जून. अंडी नाहीत. हेलेना नाही.
खाली एक ओळ कोरी.
मग पाच डझन.

अकरा वेळा बाळंत झाली, आम्ही सात उरलो.
वहीत ही बेरीज कुठंच नाही.

आणि १८ सालचा सप्टेंबर.
कॉर्नेलियसनं लष्करी छावणीत गणवेश घालायला नकार दिला होता,
त्याची पत्रं फोडलेली यायची.
त्या रात्री गाडी थांबली, कुणी हसलं, कुणी खोकलं,
सकाळी आमचं दार पिवळं होतं.
मी सव्वीस वर्षांची, रागानं थरथरत होते.
आई रॉकेल आणि चिंधी घेऊन पायरीवर बसली.
तो खोकला तिनंही ओळखला होता,
दुकानातल्या रॉयचा, मालकाच्या धाकट्याचा.

सोमवारी ती गेलीच.
मी गाडीत बसून राहिले, काचेतून दिसत होतं:
रॉय मोजतोय, खाली मान घालून,
आई मोजतेय, त्याच्याकडे बघत.

वहीत एवढंच:
चार डझन. रॉकेल एक गॅलन, बारा सेंट.
रंग निघत नाही.

पण आज मी हिशेब लावत बसले
तर त्या आठवड्यापासून जुळतच नाही काही.
कोंबड्यांनी घातलेली एक, विकलेली एक,
घरात खाल्लेली धरली तरी
दर डझनामागे एक अंडं कमी.
तेराचा डझन द्यायची ती त्याला,
तेरा वर्षं, न सांगता.
याला क्षमा म्हणायचं की खोड,
मला ठरवता येत नाही. तिला विचारलं असतं
तर म्हणाली असती, मोजताना चुकलं असेल.
ती मोजताना कधी चुकली नाही.

दार अजून तेच आहे.
बिजागरीच्या खाचेत थोडा पिवळा,
नखानं खरवडून पाहिला.

शेवटचं पान, थरथरतं अक्षर,
तारीख घालायची राहिली आहे:
दोन डझन.
पांढरी खुडूक बसली आहे.
तिला उठवू नका.