ऋणाची ओळ

सदरच्या चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर
खांबाच्या आड बसतो मी.
प्रभूची प्रार्थना सुरू झाली की सगळ्यांसोबत चालतो
रोजच्या भाकरीपर्यंत.
पुढची ओळ येते, ऋणाची,
आणि मी चष्मा पुसायला घेतो.
बरोबर एक ओळ लागते पुसायला.
मग परीक्षेच्या ओळीला पुन्हा सगळ्यांना गाठतो.
सतरा वर्षं. कुणाला कळलं नाही.
देवाला कळलं असेल, पण तो टोकत नाही,
आमच्या बड्या बाबूसारखा
फाइल नुसती बाजूला ठेवतो.

मोतीबागेच्या कारखान्यात मी हिशेबाचा माणूस.
शांतवनच्या कर्जाला जामीन राहिलो,
आईच्या शब्दावर, स्टॅम्पपेपरवर.
तो रातोरात दुर्गला निघून गेला.
पतसंस्थेनं माझ्या पगारातून कापले
दरमहा नऊशे चाळीस, नऊ वर्षं.
ते फिटले.
फिटल्याची पावतीही आहे, पिवळी, शिक्क्याची.

पण तोवर मी दुसरी वही उघडली होती.
तीत व्याज होतं
कुंदाच्या लांबलेल्या ऑपरेशनचं,
कूलरविना काढलेल्या तीन मे महिन्यांचं,
शरोनच्या सहलीचं, जिला ती गेली नाही.
त्या वहीचा हप्ता कुणी कापत नव्हतं,
मीच भरायचो,
रोज पहाटे चारला, जाग आली की.

शांतवन आला होता एकदा.
पायात निळी स्लीपर, हातात पिशवी.
"दादा, जमलं तेवढं आनलं बाप्पा."
मी जाळीचं दार उघडलं नाही.
पिशवी पायरीवर ठेवून तो गेला.
आत बाराशे रुपये,
आणि आईच्या चष्म्याची डबी, आतल्या मऊ फडक्यासकट.
पैसे मनीऑर्डरनं परत केले.
फडकं ठेवलं.

गोष्टीतला तो चाकर मला पाठ आहे,
राजानं ज्याला डोंगराएवढं सोडलं
आणि ज्यानं चिल्लरीसाठी सोबत्याचा गळा धरला.
संडे स्कूलमध्ये मीच शिकवायचो.
पोरं विचारायची, सर, त्याला कोठडीत कोणी टाकलं?
राजानं, मी सांगायचो.
आता वाटतं, कुणाला यावंच लागलं नसेल.
गळा धरून उभा होता ना तो,
धरणाऱ्यालाही जागचं हलता येत नाही.

फेब्रुवारीत दुर्गहून निरोप आला, शांतवन गेला.
मी "बरं" म्हटलं,
आवक रजिस्टरवर सही करावी तसं.

मागच्या बुधवारी शरोनला फोन केला पुण्याला.
नाताळात ये म्हटलं.
ती म्हणाली, "बाबा, दहावीच्या निकालाला
तुम्ही मला काय बोललात, तारीख सांगू?"
तारीख सांगितली. वारही.
कुणासमोर, तेही.
फोनवर अक्षर दिसत नाही,
पण अक्षर माझंच होतं.

आपल्या मराठीत त्या ओळीत
आम्ही सोडलेलं आधी येतं,
तू सोड, हे मागून.
उलट असतं तर कदाचित
मागणं तेवढं मागून मोकळा झालो असतो.

ह्या रविवारी चष्मा घरीच राहिला.
हात रिकामे.
ओळ आली, तोंड उघडलं,
"जसे" एवढंच निघालं.
मंडळी पुढे गेली, आमेनपर्यंत पोचलीसुद्धा.
मी त्याच शब्दावर.
बाहेर लिंबाखाली कुणीतरी
स्कूटरला किक मारत होतं,
पुन्हा,
पुन्हा.