तेहतिसावा मणका

तवसाळची मुलं तरीतून आली,
एक्केचाळीस, आणि दोन बाई.
चपला दारात, दप्तरं बाकाखाली.
कुणाच्या तरी डब्याला बांगड्याचा वास.
कुणाच्या, ते विचारायचं नाही
असा इथला नियम, पाटीवर नसलेला.

कस्टमची जुनी चौकी ही.
पूर्वी इथे लोकांना पेट्या उघडायला लावत,
आता मी काचेची एकही पेटी उघडू देत नाही.
अकरा वर्षं तेच सांगते:
हा नांगर, हे होकायंत्र,
ही तुकडे जोडून उभी केलेली घागर,
हा फॉर्मॅलिनमधला मासा
(जिवंतपणी त्याचा रंग कोणता
ते बाटलीवर लिहिलेलं नाही).
हात लावू नका. रेलू नका.
मागचे, पुढे या.

मग देवमासा.
लोखंडी घोड्यांवर आडवा,
तिकिटाच्या खिडकीपासून थेट मोरीपर्यंत.
बावन्न मणके. त्यांतला एक लाकडाचा.
वाळूतून काढताना हरवला,
कुणा सुताराने करून दिला.
माझ्या कागदावरचा शेवटचा प्रश्न तोच:
खोटा मणका कितवा?
उत्तर एकोणिसावा. जरा पिवळट दिसतो.
हुशार मुलांना बघून कळतं,
बाकीच्यांना हुशार मुलांकडे बघून.

तौफीक होडेकर, इयत्ता सहावी,
कागद खिशात कोंबून
सांगाड्याच्या कडेकडेने निघाला होता,
मान वाकडी, बोटाच्या पेराने टकटक,
बाजारात शहाळं वाजवतात तशी.
मी म्हटलं, हात!
तो म्हणाला, हात नाय लावत, ऐकतोय.
वर्ग फिसफिसला. बाईंनी डोळे वटारले.
एकोणिसाव्यापाशी त्याने नुसती मान हलवली. साग.
पुढे गेला.
तेहतिसाव्यापाशी परत फिरला, पुन्हा वाजवलं.
"हा पण."
"नाही रे बाळा, ते हाड आहे."
"फणस आहे. हाड पोकळ बोलतं.
आजा म्हणतो, साग वाजतो,
फणस नुसता हुंकार देतो."

मी दाराकडे पाहिलं. साहेब जेवायला गेले होते.
अकरा वर्षांत पहिल्यांदा,
माझ्याच पाटीखाली उभी राहून,
मी वाजवलं.

हुं.

खाली वाकून बघितलं तर
हाडाला असतात तशी बारीक भोकं,
एकेक कोरलेली, अगदी पोटाखालीसुद्धा
जिथे कुणीच वाकणार नव्हतं.
फक्त एका जागी पटाशी घसरली होती,
नखाएवढी.

नोंदवहीत आहे: मणका, लाकडी, नग एक, मजुरी सहा रुपये.
दुसऱ्याची ओळ नाही.
त्याचे पैसेही कुणी दिलेले नाहीत.
मग पहिला काय सापडावा म्हणून केला होता?
म्हणजे शोधणारे तिथेच थांबतील,
आणि हा निवांत राहील
माशाच्या अंगात, मासा होऊन?

बाकावर बसून बाई कागद तपासत होत्या,
उत्तरांची यादी माझीच, माझ्याच अक्षरातली.
तौफीकने लिहिलं होतं: १९, ३३.
तेहतिसावर लाल फुली पडली. अर्धा मार्क.
मी तोंड उघडलं
आणि जेट्टीवरून तरीचा भोंगा झाला,
एक्केचाळीस जोड चपला एकदम दाराशी,
एक डावी उरली, ती धरून मी रस्त्यापर्यंत धावले.
त्याची नव्हती.

नोंदवही अजून कपाटात आहे. पेनही.
रोज वाटतं, आज लिहू.

बुधवारी वरवड्याची शाळा आली.
बावन्न मणके, मी म्हणाले,
त्यांतला एक तरी लाकडाचा.
एका मुलीने विचारलं, एक तरी म्हणजे?
मी उत्तर दिलं नाही.
जरा सरकून
हात लावू नका ही पाटी
पाठीमागे झाकली जाईल
अशी उभी राहिले.