पाचपैकी पाच

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात
तीन आठवडे मी एका गाडीच्या मागे हिंडलो.
गाडी आपली आपण चालते. गठ्ठे उचलते, वळते,
कुणी आडवं आलं की थांबते
आणि बाईच्या आवाजात म्हणते,
कृपया वाट द्या.

माझ्या बॅगेत एक सिद्धांत होता :
माणसं यंत्रालाही माणसासारखंच वागवतात,
तोंडावर भिडस्त, पाठीमागे खरी.
म्हणजे गाडीनंच विचारलं, "माझं काम कसं वाटलं?"
तर गुण जास्त पडतील, कागदावर कमी.
एवढा फरक दिसला तर सिद्धांत तरला.
नाही दिसला तर...
हे वाक्य आमच्या विभागात कुणी पूर्ण करत नाही.

चव्वेचाळीस माणसं. हवेत तूस,
भुवयांवर तूस, माझ्या पेनाच्या टोपणात तूस.
गाडीसमोर सरासरी चार पूर्णांक आठ.
कागदावर चार पूर्णांक आठ.

सर फोनवर म्हणाले,
"अरे, कागदही त्यांना गाडीचाच माणूस वाटला असेल."
फरक पडला तर सिद्धांत खरा,
नाही पडला तर जास्तच खरा.
पण ओढून, ताणून, फाडून बघता येत नाही
त्याला या गावात कुणी कापड म्हणत नाही, सर.
(हे मी फोन ठेवल्यावर म्हणालो.)

जेवणाच्या सुट्टीत नरसम्मा यनगंदुलना विचारलं,
सगळीकडे पाचच का दिले?
कडक भाकरी शेंगाचटणीवर मोडत त्या म्हणाल्या,
"कागद मुकादमाच्या हातनंच जातुय न्हवं?
आन् त्या गाडीचं डोळं
कुणाला काय सांगतेत, कुणाला म्हाईत."

भीड मोजायला आलो होतो.
भीती मोजून बसलो.
पहिलं अक्षर तेवढं सारखं.

भोंगा झाला. गाडी आली.
कृपया वाट द्या.
नरसम्मा हलल्या नाहीत.
पदराच्या टोकानं तिच्या काचेवरची तूस पुसली
आणि तेलुगूत म्हणाल्या, जरुगु, जरुगु.

मुकादमाशी त्या मराठीत बोलतात. माझ्याशीही.
तेलुगू घरच्यांसाठी,
आणि पूर्वी, वडलांचा माग अडला की
त्याच्याशी भांडायला.

हे कुठल्या रकान्यात?
मी वार लिहिला, वेळ लिहिली,
तापमान बेचाळीस.

रात्री सरांना लिहिलं : सिद्धांत पडला.
खोडलं.
लिहिलं : कसोटी पडली.
सिद्धांत अजून उभाच आहे,
कुणीतरी आडवं आल्यासारखा,
वाट द्या म्हणत.