तिसऱ्या पायरीखालची किल्ली

किल्ली तिसऱ्या पायरीखाली,
रंगाच्या गंजक्या डब्यात.
हे गुपित फक्त आम्हा चार घरांना ठाऊक,
म्हणजे एकोणीस माणसांना,
आणि दोन पेले चढल्यावर मर्व्हिनमामा
ज्याला ज्याला सांगतो, त्या सगळ्यांना.

टास्मानियाच्या माथ्यावर, तळ्याकाठी
आमची पत्र्याची खोपी.
फळ्या आजोबांनी धरणाच्या कामावरून आणलेल्या.
'आणलेल्या' हाच शब्द घरात चालतो.

ईस्टरची चार दिवसांची सुट्टी,
इथे तेव्हा थंडी उंबऱ्यावर येऊन बसते.
गाड्यांतून उतरतात गाद्या, गळ, बटाट्यांचं पोतं,
ब्रॉन्विनची तीन पोरं,
त्यातलं एक वळणांनी हिरवंपिवळं झालेलं,
आणि लॉर्नामावशीचा केक,
जो कुणालाच आवडत नाही
आणि दरवर्षी संपतो.

या वर्षी दार उघडलं
तर भांडी उपडी घातलेली.
आमची भांडी कधीच उपडी नसतात.
शेगडीशेजारी लाकडं, साल खाली करून रचलेली.
आम्ही साल वर ठेवतो.
मागच्या खिडकीला पुठ्ठा.

ज्या वहीत आम्ही ट्राउटची लांबी लिहितो
(दर साली बोटभर वाढवून)
तिच्यात तिरप्या अक्षरांत पाच ओळी:

बर्फात वाट चुकली. दोन रात्री मुक्काम केला.
लाकडं जाळली, तेवढी फोडून ठेवली आहेत.
काच माझ्या हातून फुटली, माफ करा.
पीचचा एक डबा खाल्ला.
फार चांगला होता.

खाली जुलैची तारीख. नाव नाही.

मामाचा पट्टा सुरू झाला.
दार सोडून खिडकीला भिडणारा हा कोण?
किल्ली होती ना तिथेच, हाताच्या अंतरावर!
"हा नव्हे, ही," लॉर्नामावशी म्हणाली,
"बाप्या माणसाने भांडी उपडी घातली असती होय?
आणि किल्लीचं तिला सांगणार कोण होतं?
तू त्या दिवशी बारमध्ये नव्हतास."

मामाने रागारागात लाकडं मोजली.
पुन्हा मोजली.
जळाली असतील त्याहून जास्तच भरली.
मग तो बराच वेळ
गळाचा गुंता सोडवत बसला,
ज्यात गुंता नव्हता.

रात्री जनरेटरने मान टाकली.
छपरावर पॉसम धावला,
जमिनीखाली वॉम्बॅटने खांबाला पाठ घासली
आणि अख्खी खोपी डुगडुगली.
पोरांनी नवा खेळ काढला:
एकाने मागच्या खोलीत वाट चुकलेली बाई व्हायचं,
बाकीच्यांनी बर्फ.
बाई व्हायला भांडणं. बर्फ व्हायला कुणी तयार नाही.
शेवटी मी बर्फ झालो,
दाराबाहेर उभा राहिलो,
आणि आतला उजेड फटीतून
माझ्या बुटांवर पडत राहिला.
इतक्या वर्षांत ही खोपी
मी कधी बाहेरून, अंधारातून पाहिलीच नव्हती.

चौथ्या दिवशी मामाने नवी काच बसवली,
शिव्या देत, लांबी नीट अंगठ्याने दाबत.
मावशीने फडताळात पीचचे डबे ठेवले, तीन.
सात वर्षांच्या टॅम्सिनने वहीत उत्तर लिहिलं:
काचेचं काही नाही. पुढच्या वेळी
किल्ली तिसऱ्या पायरीखाली आहे.

मामाने चष्मा लावून वाचलं.
"अगं शहाणे, वही आत असते!
बाहेरच्या माणसाने वाचायची कशी?"
आम्ही सगळे हसलो.
टॅम्सिन हसली नाही.
"मग तूच सांग कसं," ती म्हणाली.

निघताना गाड्या सुरू, काचांवर दव,
कुणाचा तरी एक मोजा हरवलेला.
मामा कुलूप लावून पायऱ्यांवर उभा,
हातात तो गंजका डबा,
एकदा दाराकडे बघतोय, एकदा रस्त्याकडे.
ब्रॉन्विनने दोनदा हॉर्न वाजवला.

तो येऊन बसला तेव्हा हात रिकामे होते.
डबा कुठे ठेवला
ते कुणी विचारलं नाही.
मागच्या सीटवर गुडघ्यांवर उभी राहून
टॅम्सिन मात्र काचेतून बघत होती,
वळण येईपर्यंत.