अग्रबाहू: चौतीस मिलिमीटर

सेमिनरी हिल्सच्या रोपवाटिकेतून
डोमाजीनं आणलं ते टोपीत.
"मॅडम, केळीचं वाळलं पान हाये
का जीव हाये, पाहा बरं."

व्हर्नियरवर अग्रबाहू: चौतीस.
वजन पाच ग्रॅम,
पिशवीसकट सहा.
कान नरसाळ्यासारखे, आत
एक लांब टोकदार पाकळी.
पंख हळूच उलगडला:
बोटं केशरी,
बोटांमधलं कातडं काळं.

वहीत रंग लिहिताना अडले.
या शहरात संत्रं सगळ्यांनाच सुचतं.
विटेची भुकटी लिहिलं, खोडलं.
"पळसाचं फूल," डोमाजी म्हणाला,
"झाडाखाली पडलेलं, दोन दिवसांचं."
तेच ठेवलं.

संध्याकाळी सोडलं तर
उडेचना.
टोपीतच लटकून राहिलं, पान होऊन.
टोपी केळीवर अडकवून
डोमाजी उघड्या डोक्यानं
सायकलवर घरी गेला.