कुंभकर्णाच्या नाकपुडीतून

निर्माता म्हणाला, गोष्ट झकास आहे,
पण पोरगा बदलतो कुठे?
पानाचा आकडा सांगा.

म्हणून परदेशीपुऱ्यातल्या खोलीत बसून
जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर
एकेक प्रसंग लिहिला, भिंतीला डकवला.
खळ कणकेची होती.
झुरळांनी एका रात्रीत दुसरा अंक खाल्ला.
तो तसाही लांबलाच होता.

उरलं ते असं :
वय सोळा, गणितात अकरा.
मागच्या गल्लीत बिडवाईंची नीलाक्षी,
सायकलची चेन पडली तरी
कुणाला हाक न मारणारी.
वडिलांची मिल बंद.
निर्माता म्हणाला, विनोदी सिनेमात हे कशाला?
मी म्हटलं, आमच्याकडे ते होतंच,
पोह्यांवर शेव असते तसं.

नियम असा की नायकाला काहीतरी हवं असतं.
मला हवं होतं
की अनंत चतुर्दशीला झांक्या बघता बघता
नीलाक्षीनं एकदा माझ्याकडे बघावं.
आणि नियम असाही की ते मिळतं,
पण भलतंच होऊन.

झांकीची मोटर जळाली संध्याकाळी सहाला.
मुन्नालाल चाचांनी सगळ्या पोरांवरून नजर फिरवली,
“भिया, तू दुबला है. घुस जा.”
घुसलो.
कुंभकर्णाच्या पोटात बांबू, ओला लगदा, रंगाची उग्र वाफ
आणि एक दांडा.
ओढला की राक्षस उठतो,
सोडला की झोपतो.
रात्रभर एवढंच.
जेल रोडपासून पुढचं शहर मी
नाकपुडीतून बघितलं,
एका वेळी रुपयाएवढं :
कुणाचा कान, फुगा, पोलिसाची मिशी,
बापाच्या खांद्यावर झोपलेलं पोर.

सीतलामाता बाजारात, एका दुकानाच्या ओट्यावर,
सतरंजी, थर्मास, काकू, आणि ती.
वर बघत होती. थेट माझ्याकडे.
म्हणजे नाकपुडीकडे.
तेवढ्यात मला शिंक आली.

पोकळ राक्षसात शिंक केवढी घुमते
हे कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत.
अख्खा बाजार हसला. आखाड्यातल्या एकाची बनेटी हातातून सुटली.
नीलाक्षी इतकी हसली की तिचा चहा
शेजारच्या दव्यांच्या मुलावर सांडला.
पुढे त्याच्याशीच तिचं लग्न झालं.
ती पत्रिकाही भिंतीवर आहे,
शिंकेचा प्रसंग मी तिच्याच पाठीवर लिहिलाय.

निर्मात्यानं मांडीवर थाप मारली. हाच क्लायमॅक्स!
आता पोरगा शहाणा होतो,
दोन मिनिटं संगीत, संपलं.

पण रात्र संपली नव्हती.
तीनच्या सुमारास गोराकुंडाजवळ
नाकपुडीत वडील आले.
विणाईखात्यातले फिटर, आता कशातलेच नाहीत,
हातात रिकामी पिशवी.
बाजूच्या माणसाला म्हणाले,
“मोटर नाही ही. हात आहे कुणाचा तरी.
दमलाय. ताल चुकतोय.”
आणि पुढे होऊन त्यांनी
कुंभकर्णाच्या मांडीवर बोटांच्या पेरांनी ठोकायला सुरुवात केली,
ठक, ठक-ठक,
जशी साच्यावर वर्षानुवर्षं ठोकली असेल.
मी ओढत गेलो, सोडत गेलो.
खजुरी बाजार, मग राजवाडा, मग उजाडलं.
ते बाजूनं चालत राहिले,
एकदाही वर न बघता.

घरी आलो तेव्हा तळहात फुटलेले.
ते चहा बशीत ओतत होते.
“कुठल्या कंपनीची होती रे मोटर?”
मी म्हटलं, “घरचीच.”
बशी हलली. चहा सांडला नाही.

निर्माता अजून पानाचा आकडा मागतोय.
त्या पत्रिकेला खळ कमी पडलीय,
सारखी गळते.
मी उचलतो,
कधी शिंकेच्या आधी लावतो,
कधी पार वरती,
गणितातल्या अकराच्याही आधी.